व्हॅलेंटाईनची फुलं मार्केट यार्डातून : पहाटे उठायची तयारी असेल तर यापेक्षा चांगलं दुकान नाही

१४ फेब्रुवारीसाठी फुलं घ्यायला पुण्यात सगळ्यात चांगली जागा म्हणजे गुलटेकडीच्या मार्केट यार्डातला फुलबाजार, हे माझं स्पष्ट मत आहे. मी एका पतसंस्थेत हिशेब बघते, त्यामुळे पैसा कुठे जातो आणि त्याच्या बदल्यात काय हाती येतं हे बघायची सवय अंगात मुरली आहे. घर दोघांच्या पगारावर चालतं, लेक यंदा दहावीला, हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला ठरलेला. तरीही हा दिवस साजरा करायचाच, आणि एकाने दुसऱ्यासाठी ५०० रुपयांच्या वर खर्च करायचा नाही, असं आमचं ठरलेलं आहे. ही मर्यादा नाईलाजाने घातलेली नाही. ५०० रुपयांत समोरच्याला नेमकं काय आवडेल याचा आठवडाभर विचार करावा लागतो, आणि तो विचार करायला मला मनापासून आवडतं.

गेल्या वर्षी आम्ही एका हॉटेलात गेलो होतो. नेहमीचं मेनूकार्ड बाजूला ठेवून फक्त ‘कपल डिनर’ लावलेलं, दोघांचे मिळून २,८०० रुपये, टेबलावर एक गुलाब आणि फुगे. सूप येईपर्यंत बाहेर पुढची जोडपी ताटकळत उभी, वेटर दर पाच मिनिटांनी ‘अजून काही?’ विचारून जायचा. आम्ही एकमेकांशी धड चार वाक्यंही बोललो नाही. यंदा चौकातल्या फुलवाल्याकडे चौकशी केली तर दहा लाल गुलाब, जिप्सोफिलाची (बारीक पांढऱ्या फुलांची) दोन-चार टोकं, चकचकीत कागद आणि रिबीन यांचे ९०० रुपये. फुलं तशी बरी होती. पण त्या नऊशेत फुलांचे किती आणि कागदाचे किती, हा हिशेब मला पटेना.

फुलबाजारच का, याला आमच्या घरचं एक कारण आहे. नवरा मूळचा पुणे जिल्ह्यातल्या यवतकडचा. सासऱ्यांची अर्धा एकर गुलछडी, म्हणजे निशिगंध, होती. दुपारनंतर कळ्या तोडायच्या, ओल्या फडक्यात बांधायच्या आणि रात्रीच्या टेम्पोने मार्केट यार्डात पाठवायच्या, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा क्रम. सुट्टीत नवरा टेम्पोत त्या गाठोड्यांवर बसून वडिलांबरोबर यायचा. पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाचा हिशेब आणि पैसे, हातात पडली की वडील चहा आणि क्रीमरोल घेऊन द्यायचे. त्या क्रीमरोलचं वर्णन नवरा अजून करतो. पुढे विहिरीचं पाणी आटलं, गुलछडी मोडली, सासरेही गेले. आमच्या घरात फुलं येतात ती देवासाठी आणि गणपतीत हारासाठी. त्याला स्वतःसाठी म्हणून कुणी कधी फुलं दिली असतील असं मला वाटत नाही. पुरुषांना फुलं देत नाहीत हा आपल्याकडचा समज आहे, तो मला अजिबात मान्य नाही.

आता बाजाराबद्दल. यंदा (२०२६) १४ फेब्रुवारी शनिवारी आणि १५ ला महाशिवरात्र. म्हणून मी शुक्रवारी पहाटेच गेले, आणि तुम्हालाही आदल्या दिवशीच जायचा सल्ला देईन. व्यवस्थित पाण्यात ठेवलेली फुलं दुसऱ्या दिवशी जास्त टवटवीत दिसतात, शिवाय १४ तारखेच्या सकाळची झुंबड टळते. स्वारगेटपर्यंत बस किंवा मेट्रोने यायचं, तिथून रिक्षाने थोडंच अंतर आहे. मात्र पहाटे मेट्रो नसते, तेव्हा दुचाकी सोयीची. मी साडेपाचच्या सुमारास पोचले तेव्हा बाजार ऐन भरात होता. जमीन ओली असते, कारण फुलांवर सतत पाणी मारतात. पायाखाली पाकळ्या आणि पानांचा चिखल. पावसाळी चपला घाला, पदर-ओढणी खोचून घ्या, आणि ‘बाजू, बाजू’ ऐकू आलं की खरोखरच बाजूला व्हा. हमालांच्या डोक्यावर ओझं असतं, त्यांना थांबता येत नाही.

महाशिवरात्रीमुळे यंदाचा देखावा वेगळाच होता. एका अंगाला बेलाचे ढीग, पांढऱ्या शेवंतीच्या पाट्या, धोत्र्याची फुलं. दुसऱ्या अंगाला पन्हळी पुठ्ठ्यात गुंडाळलेल्या डच गुलाबांच्या (लांब दांड्याच्या, पॉलिहाउसमधल्या) गड्ड्या, उभ्या, एकीला एक खेटून. कॉलेजची पोरं गुलाबांशी, आजीबाई बेलाशी, आणि दोघांनाही सुटे पैसे हवेत. दोन्ही प्रकारची भक्ती एकाच ओल्या फरशीवर उभी होती आणि कुणाला कुणाची अडचण नव्हती. संस्कृतीच्या नावाने दरवर्षी या दिवसाबद्दल जो वाद घालतात, त्यातल्या सगळ्यांना एकदा इथे पहाटे आणून उभं करावं असं फार वाटलं.

गुलाबांबद्दल थोडं सविस्तर, कारण बहुतेकांना तेच हवे असतात. इथे येणारा बराचसा डच गुलाब आपल्याच मावळातला असतो. तळेगाव दाभाडेच्या परिसरात पॉलिहाउसमधून तो पिकतो. व्हॅलेंटाईनचा माल नेमका फेब्रुवारीत यावा म्हणून शेतकरी डिसेंबरातच झाडांची छाटणी करतात. छाटणीपासून फूल यायला साधारण ४५ ते ५० दिवस लागतात, आणि जानेवारीत थंडी वाढली तर फूल लांबतं, म्हणजे अंदाज चुकला की वर्षाची कमाई हुकते. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यापासून फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत लांब दांड्याचा माल परदेशी रवाना होतो. तिथे केनिया आणि इथिओपियाच्या गुलाबाशी स्पर्धा असते. त्यानंतरचा माल देशातल्या बाजारांत उतरतो. ७ तारखेच्या ‘रोज डे’पासून भाव चढतात ते १३-१४ पर्यंत. लालमध्ये ‘टॉप सिक्रेट’ सगळ्यात जास्त दिसतो, गडद, मखमली. पिवळ्यात ‘गोल्ड स्ट्राइक’, पांढऱ्यात ‘अव्हॅलांच’. नावं माहीत असली की गाळ्यावर बोलणं सोपं जातं.

मी गेले त्या दिवशी लाल गुलाबाची २० नगांची गड्डी कुठे २५० तर कुठे ३०० रुपये होती. पिवळी १६० ला मिळत होती. म्हणजे लाल गुलाब घेतलात तरी एक फूल साडेबारा ते पंधरा रुपयांना पडतं. चौकातल्या गुच्छात तेच नव्वदला होतं. नेहमीच्या दिवसांत गड्डीचा भाव याहून बराच खाली असतो, तेव्हा या भावालाही मी स्वस्त म्हणणार नाही. पण हा जास्तीचा पैसा निदान फुलासाठी जातो.

गड्डी घेताना पुठ्ठ्याच्या आत डोकावून बघा. एका गाळ्यावर मला दाखवलेल्या गड्डीत बाहेरची रांग ताजी होती आणि मधली फुलं मऊ पडलेली. कालचा माल आजच्या मालात मिसळला होता. मी काही न बोलता गड्डी परत ठेवली आणि पुढे गेले. तिथे भांडत बसायची गरज नसते, दहा पावलांवर दुसरा गाळा असतो. फूल ओळखायचं ते असं : कळीच्या बुडाशी, हिरव्या देठाच्या जरा वर, दोन बोटांनी अगदी हलकं दाबायचं. घट्ट लागली तर ताजी, स्पंजासारखी दबली तर जुनी. पाकळ्यांवर करड्या रंगाचे ठिपके असतील तर ती बुरशी, ते फूल दोन दिवसांत गळणार. सगळ्यात बाहेरच्या एक-दोन पाकळ्या जरा हिरवट किंवा चरचरीत दिसल्या तर घाबरू नका. त्या आतल्या फुलाचं रक्षण करतात आणि घरी गेल्यावर काढता येतात. उलट अशा पाकळ्या आधीच काढून टाकलेलं फूल दिसलं तर शंका घ्यावी. दांड्याचं कापलेलं टोक काळं पडलेलं नको. आणि हे सगळं एकाच कळीवर करा. दहा कळ्या चेपून एकही न घेणारं गिऱ्हाईक कुणालाच नको असतं, आणि त्यांचं बरोबर आहे.

वास हवा असेल तर मात्र डच गुलाब घेऊ नका. दिसायला राजेशाही, पण नाकाशी धरलं तर फार काही हाती लागत नाही. वासासाठी गावठी गुलाबाची छोटी गड्डी मिळते, आखूड दांड्याची, फुलं लहान आणि लवकर उमलून झडणारी. ज्यांच्या घरी गुलकंद होतो त्यांना हा वास ठाऊक असेल. माझ्या हातात पैसे उरले असते तर एक गड्डी नक्की घेतली असती.

मी गेले होते गुलछडीसाठी. हार-गजऱ्यांची सुटी गुलछडी किलोवर मिळते आणि फुलदाणीची काडीवर. एका गाळ्यावर पांढऱ्या टोपीतले एक वयस्क काका काड्यांची जुळणी करत बसले होते. मी म्हटलं, ‘काका, उद्या संध्याकाळी द्यायच्यात.’ त्यांनी समोर ठेवलेल्या, छान अर्ध्या उमललेल्या काड्या बाजूला सरकवल्या. ‘मग या नका घेऊ ताई, या आजच्या आज शोभतील.’ मागच्या बादलीतून त्यांनी दुसऱ्या काढल्या. एक काडी माझ्या डोळ्यांसमोर आडवी धरून बोटाने दाखवलं : बुडाच्या दोनच कळ्या उमललेल्या, त्याच्या वरच्या चार-पाच टपोऱ्या आणि दुधाळ, त्याहून वरच्या अजून हिरव्या, टोकाशी गव्हाच्या दाण्याएवढ्या. गुलछडी खालून वर उमलत जाते. तेव्हा खालच्या दोन उघडल्यात म्हणजे पुढचे कितीतरी दिवस रोज नवं फूल बघायला मिळणार. ‘सिंगलच देतो,’ ते म्हणाले, ‘डबल दिसायला भरगच्च असते, पण वासाला हीच.’ दहा काड्यांचे ८० रुपये सांगितले. मी भाव केला नाही. ज्या माणसाने हातातला माल बाजूला ठेवून आपल्याला योग्य माल दिला त्याच्याशी दहा रुपयांसाठी घासाघीस करणं मला जमत नाही. वीस काड्या घेतल्या. कुणासाठी विचारल्यावर मी नवऱ्यासाठी म्हटलं, यवतच्या घराचंही सांगितलं. काकांनी ‘यवतचा माल पहिल्यापासून चांगला’ म्हणत आणखी दोन काड्या वर ठेवल्या आणि सगळ्या एका ओल्या वर्तमानपत्रात बांधून दिल्या.

त्याशिवाय पिवळ्या गुलाबाची एक गड्डी घेतली. गुलछडीच्या पांढऱ्यात पिवळा रंग खुलतो, आणि लेकीलाही त्यातली पाच फुलं द्यायची होती. बाहेर पडताना फाटकाजवळ बेल आणि कवठं घेऊन बसलेल्या बायका होत्या. त्यांच्याकडून ४० रुपयांची दोन कवठं घेतली. कवठाच्या गरात गूळ कालवून खाणं नवऱ्याला इतकं प्रिय आहे की महाशिवरात्रीची तो त्यासाठी वाट बघतो. एकूण खर्च : गुलछडी १६०, गुलाब १६०, कवठं ४०. ३६० रुपये. जवळजवळ सगळीकडे यूपीआय चालतं, पण बेल-कवठवाल्यांसाठी सुटे ठेवा.

घरी आणल्यावर जे करायचं ते याच्याइतकंच महत्त्वाचं आहे, कारण बाजारातून आणलेलं फूल तहानलेलं असतं. स्वच्छ धुतलेल्या बादलीत साधं पाणी घ्यायचं. दांड्याचं टोक तिरकं कापायचं, साधारण बोटाच्या एका पेराएवढं, आणि शक्य असेल तर पाण्यात बुडवूनच कापायचं, म्हणजे दांड्यात हवा शिरत नाही. पाण्याखाली जाणारी सगळी पानं काढून टाकायची, नाहीतर ती कुजतात आणि पाण्याला वास येतो. बादली अंधाऱ्या, थंड जागी ठेवायची. आमच्याकडे ती न्हाणीघरात राहिली. पंख्याखाली नको आणि फळांच्या टोपलीजवळ तर अजिबात नको, कारण पिकणाऱ्या केळी-चिकूंतून निघणाऱ्या इथिलीन वायूने फुलं लवकर म्हातारी होतात. फुलदाणीच्या पाण्यात चमचाभर साखर आणि थोडा लिंबाचा रस घालते, पाणी रोज बदलते. एखाद्या गुलाबाने मान टाकली तर टाकून देऊ नका. टोक पुन्हा कापून अख्खा दांडा फुलासकट तासभर पाण्यात आडवा बुडवून ठेवा. बहुतेक वेळा मान पुन्हा ताठ होते. आमच्या पिवळ्यांपैकी दोघांची झाली.

चमकी कागद आणला नाही. काड्या सुती दोऱ्याने सैलसर बांधल्या आणि सासऱ्यांचं एक जुनं उपरणं कपाटात होतं, ते ओलं करून दांड्यांभोवती गुंडाळलं, ते जसं बांधायचे तसं. गुलछडीचा वास संध्याकाळनंतर वाढतो, म्हणून मुद्दाम दिवेलागणीनंतर दिली. नवऱ्याने आधी काडी उलटी करून कापलेलं टोक बघितलं, मग खालच्या कळ्या मोजल्या, आणि म्हणाला, ‘हा माल निवडून घेतलाय.’ मग कितीतरी वेळ यवतच्या शेताबद्दल बोलत राहिला. पाटाचं पाणी रात्री कुणी धरायचं, साप कुठे निघायचा, पट्टी कमी आली की वडील घरी काय सांगायचे. यातलं निम्मं मी पहिल्यांदाच ऐकत होते. लेक अभ्यास सोडून येऊन बसली, तिला उठवलं नाही.

त्याने माझ्यासाठी काय केलं तेही सांगते. माझ्या वडिलांचं चावीचं एचएमटी घड्याळ बरीच वर्षं बंद होतं. ते मला न सांगता त्याने पेठेतल्या एका घड्याळजीकडून साफ करून घेतलं आणि नवा पट्टा लावला. ४५० रुपये लागले. मी ते आता ऑफिसात घालते, रोज सकाळी चावी देते.

रात्री बाहेर जेवायला गेलो नाही. संध्याकाळी पर्वती चढून आलो, येताना एक मस्तानी दोघांत घेतली, घरी खिचडी-कढी. दुसऱ्या दिवशीच्या उपासाचा साबुदाणा भिजत घालायचा होताच.

आता तारे द्यायचे तर फुलांच्या दर्जाला पाचपैकी साडेचार, भावाला पाच, विक्रेत्यांच्या वागण्याला चार. निवांत बघत, एकेक फूल हातात घेत खरेदी करायची असेल तर ही जागा तुमच्यासाठी नाही. इथे गर्दी आहे, ओल आहे, आणि माल गड्डीने घ्यायचा असतो. एकच गुलाब हवा असेल तर एवढ्या लांब येऊ नका. जवळच्या फुलवाल्याकडून घ्या, त्याचंही पोट त्यावर आहे. पण दोन-तीन मैत्रिणींनी किंवा शेजाऱ्यांनी मिळून पिवळ्याची एक गड्डी घेतली आणि वाटून घेतली तर पन्नास ते ऐंशी रुपयांत प्रत्येकीच्या घरी छान गुच्छ होतो. आमच्या सोसायटीतल्या दोघींनी पुढच्या वर्षी बरोबर यायचं आत्ताच सांगून ठेवलं आहे. ज्यांचं नोकरीमुळे १४ तारखेला जमत नाही त्यांनी बिनधास्त दोन-तीन दिवस थांबावं. लग्नाची मोठी तिथी नसेल तर मागणी ओसरते आणि तोच गुलाब बराच स्वस्त मिळतो.

पिंपरी-चिंचवडकरांना गुलटेकडीपर्यंत यायची गरज नाही, पिंपरीतही फुलबाजार आहे. मुंबईकरांनी दादर पश्चिमेला स्टेशनाजवळच्या मीनाताई ठाकरे फुलमंडईत जावं. निवडायची रीत सगळीकडे हीच. जाताना घरून एक जुनं सुती फडकं ओलं करून पिशवीत घेऊन जा, येताना दांडे त्यात गुंडाळून आणा. दुचाकीवर वाऱ्याने फुलं सुकतात, तेव्हा तोंडं आतल्या बाजूला ठेवा.